कट्ट्यावरचा अर्धा तास

व्यासपीठावरची मंडळी, समोरचे पालक, शिक्षक, आणि तोंडाला रंग फासून विंगेत ताटकळलेल्या मुलांनो,

पत्रिकेत माझ्या नावामागे 'सुप्रसिद्ध मानसोपचारतज्ज्ञ' असं छापलंय. सुप्रसिद्ध मी फक्त याच शाळेत आहे, आणि तेही 1986 च्या संमेलनातल्या एका मिशीमुळे. मुख्याध्यापिकाबाईंनी मला विषय दिलाय 'नैराश्य आणि हास्य', वेळ दिलाय वीस मिनिटं. त्यातली सात सत्कारात गेली. हा नारळ कुठे ठेवायचा ते मला अजून कळलेलं नाही.

मिशीचं आधी सांगून टाकतो, नाहीतर पहिल्या रांगेतली मंडळी मला सोडणार नाहीत. मी नववीत. नाटकात इन्स्पेक्टर. मिशी चिकटवायला चित्रकलेच्या सरांनी डिंक दिला होता. दुसऱ्या प्रवेशात चहा पीत पीत चोराची उलटतपासणी घ्यायची होती. चहा खोटा असतो, हे नाटकाचं साधं शास्त्र. पण आमच्या शिपाईमामांनी प्रेमानं आलं घालून खरा चहा केला, वाफाळता. मी कप तोंडाला लावला आणि मिशी चहात. मी ती दोन बोटांनी बाहेर काढली, झटकली आणि लावली. उलटी. चोर हसायला लागला, हवालदार हसायला लागला, पडदा ओढणारा इतका हसला की दोरी सुटली आणि पडदा आमच्या डोक्यावर. मराठीच्या बाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्या बाई आज समोर बसल्यात. आणि बाई, आत्ताही पदर तोंडालाच आहे!

शनिवारी सकाळची शाळा असायची. शेवटच्या तासाला बाई पुस्तक मिटायच्या आणि चि. वि. जोशी काढायच्या. चिमणराव, गुंड्याभाऊ. हा लेखक बडोद्याला पाली भाषेचा प्राध्यापक होता, हे मला फार उशिरा कळलं. बाई वाचताना स्वतः हसायच्या नाहीत, हीच त्यांची युक्ती. साठ पोरं एकदम हसायची तेव्हा पत्र्यावरची कबुतरं उडायची. तो पत्रा आता नाही. स्लॅब पडला. कबुतरं आहेत का हो अजून?

असो. विषयावर येतो.

मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला मला नैराश्य आलं. आलं म्हणजे मी रडत बसलो असं नाही. रडता आलं असतं तर बरं, असं वाटायचं. पहाटे चारला जाग यायची. भाकरी चघळली तरी चव नाही. आंघोळीला उठणं म्हणजे गड चढणं. आणि गंमत वाटेनाशी झाली, कशाचीच. तेव्हा एका सरांनी वॉर्डात सगळ्यांदेखत पाठीवर थाप मारली, "अरे, हस की जरा! काय सुतकी चेहरा घेऊन फिरतोस?" मी हसलो. सरांचं समाधान झालं. मी खोलीवर गेलो आणि कडी लावून घेतली. 'हस की' हे दोन शब्द तेव्हापासून माझ्या दवाखान्यात बंद आहेत.

माझा रूममेट रांगडा गडी, वजन माझ्या दीडपट. त्यानं मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या, आणि असर दिसायला दोन-तीन आठवडे लागतील हेही सांगितलं. ते आठवडे मोठे कठीण. रूममेट रोज संध्याकाळी हाताला धरून मला मेससमोरच्या कट्ट्यावर नेऊन बसवायचा. बोल म्हणायचा नाही, हस म्हणायचा नाही. पोरं आपापलं बोलायची, मी नुसता बसायचो. एका संध्याकाळी कट्ट्याला नवा चुना मारलेला होता. हा धाडकन बसला, उठला, मागे दोन पांढरे पट्टे, आणि आम्हालाच दरडावून विचारतो, "हितं आधी कोण बसलं होतं?" मी हसलो. किती दिवसांनी, कोण जाणे; आवाज मलाच परका वाटला. त्यात विनोद काय होता, ते आजही सांगता येत नाही. गोळीनं हसलो की चुन्यानं, याचा हिशेबही लागत नाही. दोन्ही लागले.

पुढे रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन संशोधकाचं काम वाचलं आणि चुना आठवला. त्यानं बाजारात, रस्त्यात लोकांचं हसणं टिपून ठेवलं. बहुतेक हसू विनोदावर येतच नाही. 'चल, निघतो' असल्या साध्या वाक्यांवर येतं. आणि एकटा असताना माणूस जेवढं हसतो, त्याच्या तीसपट चारचौघांत हसतो. फिनलंडमध्ये 2017 साली मेंदूचे स्कॅन काढून दाखवलं, की मित्रांबरोबर हसताना मेंदूत एंडॉर्फिन सुटतं, म्हणजे शरीराची स्वतःची वेदनाशामकं. यापुढे तक्ते आहेत माझ्याकडे, पण मागच्या रांगेत दोघांनी आत्ताच जांभई दिली, म्हणून तक्ते खिशातच राहू देत.

आपल्या हास्यक्लबाची मंडळी डावीकडे बसलीत, पांढऱ्या टोप्या घालून. आजोबा, तुमचा हा उद्योग सुरू कसा झाला ठाऊक आहे? 13 मार्च 1995, अंधेरीचं लोखंडवाला. डॉ. मदन कटारिया सकाळी बागेत गेले आणि पाच जणांचा क्लब सुरू झाला. आधी विनोद सांगायचे. दोनेक आठवड्यांत चांगले विनोद संपले, उरले ते चावट. बायका रागावल्या. मग डॉक्टरांनी विनोदच काढून टाकला आणि नुसतं हसायला लावलं. खोटं सुरू होतं, शेजारच्याचं तोंड बघून खरं होतं. पण आजोबा, खरं सांगा, तुम्ही रोज पहाटे हसायला जाता की नंतरच्या चहाला? बघा, हसले!

मुलांनो, माझं एकच म्हणणं आहे. रोज अर्धा तास कट्ट्यावर बसा. मोबाईल घरी ठेवून. मोबाईलमध्ये बघून तुम्ही जे करता ते हसणं नाही. नाकातून थोडी हवा जाते आणि अंगठा वर सरकतो. कट्ट्यावर समोरचा दिसतो. तीन दिवस आला नाही, हे दिसतं. आला, पण सगळ्यांच्या मागून हसला, तेही दिसतं. सगळ्यांना हसवणारा घरी जाताना एकदम गप्प होतो, ते तर कट्ट्याशिवाय कुणालाच दिसत नाही. असा कोणी दोन आठवडे उतरलेला दिसला, तर त्याला विनोद सांगू नका. शेजारी बसा. आणि मग डॉक्टरांकडे घेऊन जा, सायकल नसेल तर रिक्षानं. हसण्यानं नैराश्य बरं होतं असं मी म्हणत नाही, उपचार लागतात. 14416 हा सरकारचा टेली-मानसचा नंबर आहे, फुकट आहे, रात्रीसुद्धा चालतो. लिहून घ्या. शिक्षकांनीही.

आता अध्यक्षसाहेब. राग मानू नका, आपण एका बाकावरचे आहोत. मागच्या पिंपळाचा पार तोडून तुम्ही तिथे मोटरसायकली लावायला शेड केलीत. त्या पारावर आपली अख्खी बॅच बसायची. मी पोरांना कट्ट्यावर बसा म्हणून सांगतोय, आणि शाळेत कट्टाच नाही! तो परत बांधा. साधा, दगडी, वीस जण मावतील एवढा. पैसे आपल्या बॅचचे, मी आत्ताच सगळ्यांदेखत जाहीर करतो. त्यातले निम्मे माझ्याशेजारी बसून नको नको अशी खूण करताहेत, तिकडे लक्ष देऊ नका. फक्त चुना मारलात तर पाटी लावा.

बाई, मी पुन्हा भरकटलो. निबंधाच्या वहीत तुम्ही लाल शाईनं हेच लिहायचात.

तो विंगेतला इन्स्पेक्टर मघापासून मिशी दाबून उभा आहे. बाळ, डाव्या बाजूनं सुटलीय. डिंक लावलाय का रे? आणि आज चहा कोणी केलाय?