गुप्तसेवा आणि गृहधर्म : हुतात्मा हेमंत करकरे यांचे स्मरण

(संघाच्या हिंगोली येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



दिवंगत थोरांचे पुण्यस्मरण करूनच संमेलनाच्या कार्यास आरंभ करावा, असा आपला परिपाठ आहे. यंदा ते कार्य कार्यकारी मंडळाने आमच्याकडे सोपविले, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. हुतात्मा हेमंत करकरे यांचे नाव उच्चारताच आपणां सर्वांस २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आठवेल. परंतु एका रात्रीच्या तेजाने सबंध आयुष्य झाकले जाऊ नये. म्हणून त्या रात्रीविषयी थोडे आणि तिच्या आधीच्या व नंतरच्या दिवसांविषयी अधिक बोलण्याचा आमचा मानस आहे.

करकरे यांचा जन्म १२ डिसेंबर १९५४ चा. शिक्षण वर्ध्यास झाले व पुढे नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयातून १९७५ साली त्यांनी यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी घेतली. राष्ट्रीय उत्पादकता परिषद आणि हिंदुस्थान लिव्हर येथे काही काळ नोकरी केल्यावर ते १९८२ साली भारतीय पोलीस सेवेत दाखल झाले. चंद्रपूर जिल्ह्यात पोलीस अधीक्षक असता नक्षलवाद्यांच्या उपद्रवाला तोंड देत असतानाही त्यांनी रानातील वाळक्या लाकडांतून शिल्पे घडविली. ओबडधोबड ओंडक्यात दडलेला आकार ओळखण्याची ही दृष्टी त्यांना पुढील कामातही उपयोगी पडली असेल, असे आम्हांस वाटते.

ते पुढील काम म्हणजे ‘रॉ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केंद्रीय गुप्तवार्ता खात्यातील सेवा. १९६२ आणि १९६५ च्या युद्धांत परदेशांतील वार्तांची उणीव जाणवली, म्हणून १९६८ साली हे खाते निराळे स्थापन झाले. या खात्याकडून करकरे सात वर्षे ऑस्ट्रियात होते. तेथे त्यांनी काय केले हे लोकांपुढे आलेले नाही, आणि तसे ते येऊही नये.

गुप्तवार्तेचे काम म्हटले की वेषांतर आणि पाठलाग आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. वास्तविक या कामाचा मोठा भाग मेजावर बसून करावयाचा असतो. वार्ता आली की ती कोणी आणली, त्याला ती कशी कळली, ती सांगण्यात त्याचा हेतू काय, आणि त्याच्याशी संबंध नसलेल्या दुसऱ्या कोणी तिला दुजोरा दिला आहे काय, हे प्रश्न विचारावयाचे. खरे, संभाव्य आणि नुसती आवई यांची निवड करून चार ओळींत निष्कर्ष लिहावयाचा. आपल्या भागातील वृद्धांना हे निराळे सांगावयास नको. हैदराबाद मुक्तिसंग्रामात पैनगंगेपलीकडे उमरखेडास आपल्या कार्यकर्त्यांचे केंद्र होते. रझाकारांची टोळी कोणत्या गावाकडे निघाली, ही वार्ता खरी की खोटी यावर त्या दिवसांत माणसांचे प्राण अवलंबून असत.

आता आम्ही मुख्य मुद्द्याकडे वळतो. अशा सेवेची किंमत केवळ सेवक भरीत नाही. त्याचे घर भरते. शिक्षक घरी येऊन शाळेतील गमती सांगतो, वकील खटल्याच्या गोष्टी सांगतो. गुप्तवार्ता खात्यातील गृहस्थाला १९२३ च्या शासकीय गुपितांच्या कायद्याने जिभेला कुलूप घालावे लागते. त्याचे यश घरी कळत नाही, आणि चिंता मात्र चेहऱ्यावर दिसते. पत्नीने विचारावयाचे नाही, मुलांनी कोणास सांगावयाचे नाही. असे असूनही करकरे हे कुटुंबवत्सल पिता होते. त्यांची कन्या जुई नवरे यांनी २०१९ साली पित्याच्या आठवणींचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. ज्याला कामाविषयी बोलता आले नाही, त्याच्याविषयी मुलीला एवढे सांगता येते, यातच त्या पित्याची थोरवी आहे.

२००८ च्या जानेवारीत ते राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी मालेगाव स्फोटाच्या तपासावरून त्यांच्यावर कडक टीका झाली. त्या खटल्यातील सातही आरोपींना विशेष न्यायालयाने ३१ जुलै २०२५ रोजी निर्दोष मुक्त केले. त्याविषयी आपणांत मतभेद असतील. त्यांचा निवाडा करण्याचे हे स्थान नव्हे. पुढे २६ नोव्हेंबरच्या रात्री कामा रुग्णालयाजवळ अशोक कामटे आणि विजय साळसकर यांच्यासह त्यांना वीरमरण आले. चौपन्न वर्षे पुरी होण्यास जेमतेम पंधरवडा उरला होता. २००९ च्या प्रजासत्ताकदिनी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले.

हार घालून आपण घरी परतलो. श्रीमती कविताताई करकरे यांचे काम तेव्हा सुरू झाले. अध्यापनाचा व्यवसाय करणाऱ्या या माउलीने जखमींना मदत पोचण्यास विलंब का झाला, हे विचारले. पतीच्या अंगावरील गोळीरोधक जाकिटाविषयी माहितीच्या अधिकाराखाली विचारणा केली, तेव्हा ते गहाळ झाल्याचे उत्तर मिळाले. शोक करीत बसण्याऐवजी त्यांनी पुढच्या शिपायाच्या जिवाची काळजी वाहिली. २९ सप्टेंबर २०१४ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्या निवर्तल्या, आणि मुलांनी त्यांचे अवयव दान केले. करकरे हयात असते तर साठ वर्षे पुरी होऊन त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर सेवानिवृत्त झाले असते. निवृत्तीनंतर निवांत सहवास घडावा, एवढी साधी इच्छा प्रत्येक संसाराची असते. या दांपत्याला ती लाभली नाही.

बंधुभगिनींनो, आपल्या हिंगोलीत राज्य राखीव पोलीस दलाचा बारावा गट आहे. येथील किती घरांत रात्री-अपरात्री बूट चढविले जातात, ते आपण जाणतो. आपल्या सभासदांपैकी अनेकांची मुले सैन्यात आणि पोलिसांत आहेत. करकरे आपल्या ज्ञातीत जन्मले याचा अभिमान सोपा आहे. त्यांच्यासारख्यांच्या घरांशी वागण्याचा धर्म कठीण आहे. त्या घरी जाऊन ‘मुलगा कोठे आहे, काय करतो’ असे खोदून विचारू नये. मात्र सणावारी जावे, दुखण्याखुपण्यात धावावे, मुलांच्या शिक्षणाची चौकशी करावी. संघाने अशा कुटुंबांची नोंदवही ठेवून एकेका घराची जबाबदारी जवळच्या सभासदाकडे द्यावी, अशी आमची सूचना आहे. आणि भ्रमणध्वनीवर आलेली वार्ता पुढे धाडण्यापूर्वी ती कोणी आणि कशासाठी पाठविली, एवढे दोन प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावेत. त्या अबोल सेवेला ही आपल्या घरातून वाहिलेली आदरांजली ठरेल.

त्या दांपत्याच्या स्मृतीस वंदन करून आम्ही आपली रजा घेतो.