पांढऱ्या पेशी कुणाच्या बाजूने?

(कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



केमो चालू असलेली बाई वस्तीत भेटली की तिच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं, 'पांढऱ्या पेशी कमी झाल्यात, म्हणून डोस लांबला.' लगेच शेजारीण गुळवेलीचा काढा सुचवते, आणि कुणी 'प्रतिकारशक्ती वाढवणारी' पावडर गळ्यात मारून जातं. प्रवासाला ठेवलेले पैसे त्यात जातात. म्हणून आज या पेशींविषयीच बोलू या.

पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे शिपाई, असं आपण शाळेत शिकलो. ते खरं आहे, पण अर्धंच. कॅन्सरच्या गाठीत पांढऱ्या पेशी असतात हे रुडॉल्फ व्हिर्चो या जर्मन डॉक्टरांनी १८६३ सालीच नोंदवलं होतं. शिपाई आत असूनही गाठ वाढते कशी? १९८६ साली हॅरॉल्ड ड्व्होरॅक या अमेरिकन डॉक्टरांनी गाठीची तुलना न भरणाऱ्या जखमेशी केली. त्यातून उत्तराची दिशा मिळते.

आपलं बोट कापलं की मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे धावतात. आधी त्या जंतू खातात, मग दुरुस्तीला लागतात. नवीन रक्तवाहिन्या आणवतात, पेशींना वाढायला सांगतात आणि लढणाऱ्या पेशींना 'आता पुरे' म्हणतात. जखम भरली की काम थांबतं. गाठ मात्र या पेशींना सतत हाकारत राहते. त्या दुरुस्ती समजून गाठीलाच रक्त आणि खतपाणी पुरवतात. स्तनाच्या कॅन्सरवर उंदरांमध्ये झालेल्या अभ्यासात दिसलं, की गाठीची पेशी मॅक्रोफेजला लागणारं द्रव्य सोडते आणि मॅक्रोफेज तिला लागणारं. शेजारणींची साखर-चहाची उसनवारी चालावी तसं. याच जोडीने गाठीच्या पेशी रक्तवाहिनीपर्यंत पोचतात आणि दुसऱ्या अवयवात जातात.

औषध कधीकधी अपुरं का पडतं, त्याचं एक कारण इथेच आहे. केमोने गाठीच्या पेशी मेल्या की तिथे पुन्हा जखमेसारखी हाक जाते, नव्या मॅक्रोफेज येतात आणि उरलेल्या पेशींना सावरतात. याचा अर्थ केमो घेऊ नये असा अजिबात नाही. केमोने असंख्य बायका वाचल्या आहेत. अर्धवट सोडलेला उपचार हाच मोठा धोका आहे.

आता लढणाऱ्या टी-पेशी. त्यांना आवर घालणारे ब्रेक शरीरातच असतात आणि गाठ ते दाबून धरते. हे ब्रेक सोडवता येतात, हे जेम्स ॲलिसन आणि तासुकु होन्जो यांनी दाखवलं. २०१८ साली दोघांना नोबेल मिळालं. या औषधांना इम्युनोथेरपी म्हणतात. 'ट्रिपल निगेटिव्ह' प्रकारच्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये काही बायकांना ती केमोबरोबर देतात. ती सगळ्यांना लागू पडत नाही. मोकळ्या सुटलेल्या पेशी कधी थायरॉइडवर, आतड्यावर किंवा फुफ्फुसावरही उलटतात.

आणि किंमत? पूर्ण उपचार लाखांच्या घरात जातो. धुणीभांडी करणाऱ्या बाईने तो कुठून आणायचा? हा प्रश्न मुंबईच्या टाटा हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी घेतला. तोंड-घशाचा कॅन्सर पुढच्या टप्प्यात गेलेल्या रुग्णांना त्यांनी तोंडाने घ्यायच्या स्वस्त औषधांबरोबर निवोलुमॅब दिलं, तेही नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहून कमी. वर्षभरानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. हा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. मशेरी लावणाऱ्या आपल्या बायकांसाठी ही बातमी लहान नाही. कंपनी ठरवेल तेवढीच मात्रा, हे गृहीत धरायचं कारण नाही, हे त्यातून दिसलं.

तर आपण काय करायचं? पेशींचा आकडा वाढला म्हणजे कॅन्सर हरला, असं नसतं. त्या कुणाच्या बाजूने काम करतात, तेही महत्त्वाचं. म्हणून पावडरींवर पैसे घालवू नका. केमोत पेशी फार घटल्या तर त्या वाढवायचं इंजेक्शन असतं, ते डॉक्टर ठरवतात. ताप १००.४ च्या वर गेला तर रात्र असो की सण, थेट हॉस्पिटल गाठायचं. 'आधी स्वयंपाक आवरते' म्हणायचं नाही. गाठ कोणत्या प्रकारची, कोणतं औषध, जन आरोग्य योजनेत काय बसतं, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. एकटीला धीर होत नसेल तर दोघींनी बरोबर जावं.

आणि 'मनाला लावून घेतलंस म्हणून झालं' असं कुणी म्हणालं, तर तिथेच थांबवा. आजारी बाईवर दोषाचं ओझं नको. तिच्या शेजारी बसायला आपण हव्यात.