समोरचा फलक आणि आपली भिंत

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला जुन्या आठवणी सांगायला उभं केलंय. त्या सांगतोच, पण त्यांच्या आडून एक चालू विषय मांडणार आहे. पुढच्या महिन्यात वार्षिक सभेत त्यावर आपल्याला हात वर करायचा आहे.

आपण २००० साली इथे राहायला आलो, तेव्हा समोर बंद कारखान्याची भिंत होती. आज तिथे व्यापारी संकुल आहे. औषधाचं दुकान, बँक, दवाखाना, सगळं रस्ता ओलांडला की मिळतं. त्याबद्दल तक्रार नाही. पण दोन वर्षांपूर्वी संकुलाच्या दर्शनी भागावर डिजिटल फलक लागला आणि बी विंगच्या झोपायच्या खोल्यांत रात्रभर लाल-निळा-पांढरा खेळ सुरू झाला. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "दिवाळी वर्षातून एकदाच बरी असते रे बाबा." दहावीच्या मुलाच्या आईने खिडकीला चादर बांधली आणि ऐन मार्चच्या उकाड्यात वारा बंद करून घेतला.

आम्ही चौघे बोलायला गेलो. उत्तर मिळालं, "जागा आमची, परवाना आहे, भाग व्यापारी आहे." कागदावर ते बरोबर होतं. पण भाग तिथे व्यापारी असला तरी उजेड रस्ता ओलांडून आपल्याकडे येतो, आणि आपल्याला कोणी विचारलेलं नव्हतं.

तेव्हा थोडा अभ्यास केला. एलईडी फलक दुपारच्या उन्हात दिसावा म्हणून फार प्रखर ठेवावा लागतो. रात्री त्याच्या अगदी थोडा उजेड पुरतो. अंधाऱ्या खोलीत मोबाइल पूर्ण उजेडावर उघडला की डोळे दिपतात, तसंच हे. प्रकाश मोजणारा सेन्सर बसवला तर फलक आपोआप मंद होतो. म्हणजे अडचण यंत्राची नाही, ते कसं लावून ठेवलंय याची आहे.

त्याच सुमारास, १३ मे २०२४ रोजी, घाटकोपरला वादळात पेट्रोल पंपावर महाकाय होर्डिंग कोसळलं आणि १७ जणांचे जीव गेले. मुंबईत कमाल मर्यादा ४० बाय ४० फुटांची, आणि ते होतं साधारण १२० बाय १२० फुटांचं. त्यानंतर महापालिकेने जाहिरात धोरणाचा नवा मसुदा लोकांपुढे ठेवून हरकती-सूचना मागवल्या. त्यात डिजिटल फलकांचाही विचार होता: फलकाची प्रखरता आणि आसपासचा उजेड यांचं प्रमाण ३:१ च्या आत असावं आणि रात्री ११ नंतर फलक बंद व्हावेत. अमेरिकेत अनेक ठिकाणी एक जाहिरात किमान ८ सेकंद स्थिर ठेवावी लागते, ती चालकांचं लक्ष उडू नये म्हणून.

हे सगळं एका पानावर लिहून आम्ही पुन्हा संकुलात गेलो. भांडायला नाही, मागायला. सेन्सर, ११ वाजता बंद, हलती चित्रं नकोत, एवढंच. व्यवस्थापकांना बी विंगमध्ये चहाला बोलावलं आणि रात्री ९ वाजता आजींच्या पलंगावर बसवलं. पाच मिनिटांत ते स्वतःच म्हणाले, "हे जरा जास्तच आहे." आठवड्याभरात फलक मंद झाला. अकराला बंद होतो. कधी विसरतात, मग फोन करावा लागतो.

आता खरा मुद्दा. आपल्या सोसायटीला मोठी दुरुस्ती करायची आहे. दुरुस्ती निधी पुरत नाही, वर्गणी काढायची म्हटलं की चेहरे उतरतात. अशात एका जाहिरात एजन्सीने सी विंगच्या बाहेरच्या भिंतीवर डिजिटल फलकासाठी भाडं देऊ केलंय. रक्कम मोह पडावा अशीच आहे. हे उत्पन्न बाहेरच्याकडून येणारं, म्हणून सभासदांच्या वर्गणीसारखं करमुक्त नाही, हेही लक्षात ठेवा. पण करापेक्षा मोठी गोष्ट ही, की त्या भिंतीसमोर आपली एकही खिडकी नाही. समोर मागच्या गल्लीतली चाळ आहे. तिथल्या खोल्यांना एकच खिडकी, आणि ती आपल्याकडे तोंड करून.

जागा आपली, परवानाही मिळेल. म्हणजे उद्या आपणही तेच तीन शब्द बोलू शकतो जे आपल्याला ऐकवले गेले होते.

मी फलकाच्या विरोधात मत द्या असं म्हणत नाही. पैशांची गरज मलाही दिसते, गळका जिना मीही रोज चढतो. माझी सूचना एवढीच: सभेच्या आधी आपल्यातल्या चार जणांनी चाळीत जाऊन विचारावं. त्यांनी नको म्हटलं, तर विषय तिथेच थांबवावा आणि वर्गणीचं बघावं. हो म्हणाले, तर प्रखरता, वेळ आणि स्थिर चित्र या अटी करारात लिहूनच सही करावी.

पंचवीस वर्षांत आपण एकमेकांचे शेजारी झालो. भिंतीपलीकडचेही शेजारीच आहेत. चाळीत जायला मी तयार आहे. अजून तीन नावं आज जेवणाच्या वेळी मला सांगा.