जलाशयातील मासेमारीसाठी ॲल्युमिनियमची होडी : आकार आणि कारागीर



नाशिक जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तरीही पाण्यावर उपजीविका करणारी माणसे या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. कळवण तालुक्यातील चणकापूर येथे १९११ साली, इगतपुरी तालुक्यात दारणा नदीवर १९१६ साली, नाशिक शहराजवळ गंगापूर येथे १९६५ साली आणि नांदगाव तालुक्यात गिरणा नदीवर १९६९ साली धरणे पूर्ण झाली. शेतीला व शहरांना पाणी मिळावे हा या धरणांचा हेतू होता. परंतु पाणी साठले तसे मासेमारीचे नवे क्षेत्रही निर्माण झाले. आज या जलाशयांत कटला, रोहू आणि मृगळ यांची बोटुकली सोडली जातात आणि भोई, कोळी, भिल्ल अशा समाजांतील कुटुंबे सहकारी संस्थांच्या द्वारे तेथे मासेमारी करतात.

संस्थेच्या बैठकीत बोटुकलींचा दर, जाळ्यांची खरेदी आणि माशांची विक्री यांवर बराच खल होतो. होडीचा विषय मात्र बहुधा शेवटी येतो. हवा भरलेल्या टायरच्या ट्यूबवर किंवा थर्मोकोलच्या तराफ्यावर बसून जाळे लावणारे मासेमार राज्यातील अनेक जलाशयांवर आढळतात. वारा उठला, जाळे पायात अडकले किंवा तराफा फुटला की जिवावर बेतते. चांगली होडी हे मासेमाराचे अवजार तर आहेच, पण ते त्याच्या जीविताचे संरक्षणही आहे.

शासनाने या व्यवसायाकडे अलीकडे अधिक लक्ष दिले आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत लाभार्थींच्या कामांसाठी सर्वसाधारण गटास ४० टक्के, तर अनुसूचित जाती, जमाती व महिला यांना ६० टक्क्यांपर्यंत साहाय्याची तरतूद करण्यात आली. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायास कृषीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. मात्र अर्थसाहाय्य कितीही असले तरी उरलेली रक्कम मासेमाराच्या पदरची किंवा कर्जाची असते. चुकीची होडी घेतली गेली तर ती काठावर उपडी पडून राहते, मासेमार पुन्हा ट्यूबवर बसतो आणि हप्ते मात्र चालूच राहतात.

ॲल्युमिनियमच का?

लाकडी होडीचे गुण सर्वांना ठाऊक आहेत. पण चांगले लाकूड महाग झाले आहे आणि पाणी व ऊन यांच्या आलटून पालटून होणाऱ्या माऱ्याने ते कुजते, तडकते. लोखंडी पत्र्याची होडी मजबूत खरी, पण जड आणि गंजणारी. काचतंतूची होडी हलकी असते. परंतु खडकावर घासून तिचा वरचा थर गेला की पाणी आत मुरते.

ॲल्युमिनियमचे वजन लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश असते. एक चौरस मीटर, ३ मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा सुमारे साडेतेवीस किलो भरतो, तर तेवढाच ॲल्युमिनियमचा पत्रा आठ किलोंच्या आसपास. जलाशयाच्या दृष्टीने हा फरक मोलाचा आहे. पावसाळ्याच्या अखेरीस काठोकाठ भरलेले पाणी मे महिन्यात खूप मागे हटते आणि मधल्या जागेत चिखल व दगड उरतात. शंभर किलोंची होडी चार माणसे उचलून पाण्यापर्यंत नेऊ शकतात. अडीचशे किलोंची होडी जेथे रुतली तेथेच राहते. शिवाय ॲल्युमिनियम हवेत आपोआप एक पातळ संरक्षक थर धारण करते, त्यामुळे गोड्या पाण्यात ते दीर्घकाळ टिकते, आणि जुन्या होडीच्या मोडीलाही किंमत येते.

आधी पाणी, मग होडी

होडी किती मोठी असावी याचे उत्तर दुकानात मिळत नाही. ते जलाशयाच्या काठावर मिळते. प्रथम पाण्याचा विस्तार पाहावा. मोकळ्या पाण्यावरून वारा जितके लांब अंतर वाहतो तितक्या लाटा मोठ्या होतात. गावतळ्यात किंवा पाझर तलावात तीन ते साडेतीन मीटर लांबीची होडी पुरते. मध्यम जलाशयासाठी चार ते साडेचार मीटर लांबी योग्य ठरते. गिरणेसारख्या विस्तीर्ण जलाशयावर मात्र पाच मीटरच्या आसपास लांबी आणि अर्ध्या मीटरहून अधिक उंचीच्या बाजू हव्यात.

दुसरी गोष्ट भाराची. एक साधे गणित प्रत्येक संस्थेने करावे. दोन माणसे १४० किलो, भिजलेली जाळी व दोर ४० किलो, मासळी ६० किलो आणि किरकोळ सामान १० किलो, असा २५० किलोंचा भार धरू. साडेचार मीटर लांबीच्या सपाट तळाच्या होडीचा पाण्याला टेकणारा भाग चार मीटर लांब व एक मीटर रुंद, म्हणजे चार चौरस मीटर असेल, तर ती एक सेंटिमीटर बुडताना ४० किलो वजन पेलते. होडीचे स्वतःचे १०० किलो मिळवून एकूण ३५० किलो झाले. म्हणजे होडी सुमारे नऊ सेंटिमीटर बुडेल. बाजूंची उंची ४५ सेंटिमीटर असेल, तर ३६ सेंटिमीटर कडा पाण्यावर राहील.

आता स्वस्त म्हणून लहान होडी घेतली, तिचा टेकणारा भाग तीन मीटर लांब व ८० सेंटिमीटर रुंद, बाजूंची उंची ३५ सेंटिमीटर आणि वजन ६० किलो असले, तर तोच भार घेऊन ती तेरा सेंटिमीटर बुडेल आणि पाण्यावर बावीस सेंटिमीटर कडा उरेल. शांत पाण्यात एवढे चालेलही. पण दोघेही एकाच बाजूला वाकून जाळे ओढू लागले आणि त्याच वेळी वारा सुटला, तर ही बावीस सेंटिमीटरची कडा पाण्याला टेकण्यास वेळ लागत नाही.

रुंदीचे महत्त्व तर लांबीहूनही अधिक. लांबी तीच ठेवून पाण्याच्या पातळीवरील रुंदी ८० वरून १०० सेंटिमीटर केली, तर होडीचा कलंडण्यास होणारा विरोध जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून खर्चाला कात्री लावायचीच असेल तर ती लांबीला लावावी, रुंदीला नव्हे. जाळे ओढण्याच्या कामाला सपाट किंवा किंचित उतरत्या तळाची होडी सोयीची असते. उथळ पाण्यातही ती चालते. मोठ्या जलाशयासाठी पुढील टोक उंच व निमुळते असावे, म्हणजे ते लाट कापते.

इंजिन बसवावयाचे असल्यास तो निर्णय होडी बांधण्यापूर्वीच झाला पाहिजे. आखूड दांड्याच्या लहान इंजिनासाठी मागील फळीची उंची साधारण ३८ सेंटिमीटर लागते आणि तेथे पत्र्याला जादा आधार द्यावा लागतो. पिण्याच्या पाण्याच्या जलाशयावर इंजिन वापरण्यापूर्वी जलसंपदा विभागाची अनुमती आहे काय हे पाहावे. नांदूर मध्यमेश्वरसारख्या अभयारण्याच्या क्षेत्रात वन विभागाचे नियम आधी समजून घ्यावेत.

धातूची पारख

ॲल्युमिनियम म्हणून बाजारात मिळणारा प्रत्येक पत्रा होडीच्या कामाचा नसतो. भांड्यांचा व छपराचा पत्रा मऊ असतो. होडीसाठी मॅग्नेशियमयुक्त मिश्रधातू लागतो; ५०५२, ५०८३ आणि ५०८६ हे त्याचे प्रचलित क्रमांक आहेत. ओझर येथे १९६४ साली स्थापन झालेल्या विमान कारखान्यामुळे ॲल्युमिनियमचे काम नाशिकला नवे नाही. परंतु विमानासाठी वापरले जाणारे काही मिश्रधातू तांबेयुक्त असतात. ते बळकट असले तरी पाण्यात लवकर झिजतात. म्हणून 'विमानाचा पत्रा' ही जाहिरात ऐकून भुलू नये. पत्र्याचा क्रमांक आणि उत्पादक कारखान्याचा तपासणी दाखला मागावा. साडेचार मीटरच्या होडीस तळाला ३ मिलिमीटर आणि बाजूंना २ ते २.५ मिलिमीटर जाडी असावी.

कारागिराची निवड

सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहतींत धातुकामाच्या कार्यशाळा आहेत. परंतु दारे-खिडक्यांच्या जाळ्या जोडणारा प्रत्येक कारागीर होडी बांधू शकेलच असे नाही. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते. त्यावरील संरक्षक थर मात्र दोन हजार अंशांपुढे. त्यामुळे सांधा जोडण्यापूर्वी तो थर घासून काढावा लागतो आणि आर्गॉन वायूच्या आवरणाखाली वेल्डिंग करावे लागते. लोखंडाच्या रोजच्या वेल्डिंग-कांडीने जोडलेला सांधा वरून जाड दिसला, तरी आतून पोकळ असू शकतो.

म्हणून दरपत्रक मागवण्यापूर्वी कार्यशाळेस प्रत्यक्ष भेट द्यावी. आर्गॉनवर चालणारे यंत्र तेथे आहे काय, ॲल्युमिनियमचे काम लोखंडाच्या कामापासून वेगळ्या जागी होते काय, हे पाहावे. त्या कारागिराने पूर्वी बांधलेली, निदान दोन पावसाळे पाण्यात काढलेली होडी पाहून ती वापरणाऱ्यांशी बोलावे. सांधा उसवल्यास दुरुस्ती कोण करील, किती दिवसांत करील आणि होडी वाहून नेण्याचा खर्च कोणाचा, हे लेखी घ्यावे. दूरच्या बंदरातील नामांकित कारखान्यापेक्षा, पात्रता सिद्ध केलेला जवळचा कारागीर दुरुस्तीच्या दृष्टीने पुष्कळदा अधिक उपयोगी पडतो.

येथे कार्यालयांची जबाबदारी मोठी आहे. मागणीपत्रात केवळ 'ॲल्युमिनियम होडी, एक नग' असे लिहिले, तर सर्वांत कमी दर हा बहुधा सर्वांत पातळ पत्र्याचा दर ठरतो. लांबी, पाण्याच्या पातळीवरील रुंदी, बाजूंची उंची, मिश्रधातूचा क्रमांक, पत्र्याची जाडी, वेल्डिंगची पद्धत, तरण-पेट्यांचे आकारमान आणि पेलावयाचा भार या आठ बाबी लिहिल्या गेल्या, म्हणजे सर्व दरपत्रके एकाच वस्तूची होतात आणि कमी दर स्वीकारण्यात धोका राहत नाही.

पाण्यावरची परीक्षा

ॲल्युमिनियम पाण्यापेक्षा जड आहे. होडीत पाणी भरले की ती तळाशी जाते. म्हणून बाकांखाली बंद तरण-पेट्या हव्यात. १०० किलोंची धातूची होडी पाण्यात बुडाली असता तिला वर धरण्यास सुमारे ६३ लिटर पोकळी लागते; तिला धरून राहणाऱ्या माणसांचा विचार करता १०० ते १२० लिटर पोकळी ठेवणे इष्ट. इंजिन असल्यास त्याच्या वजनासाठी जादा पोकळी ठेवावी. पेट्यांत थर्मोकोल भरल्यास त्याला पेट्रोलचा स्पर्श होऊ देऊ नये. पेट्रोलमध्ये ते विरघळते.

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी तीन परीक्षा घ्याव्यात. होडी सपाट वाळूवर ठेवून आत दहा सेंटिमीटर पाणी भरावे आणि रात्रभर ठेवून सांधे बाहेरून तपासावेत. मग ती काठाजवळच्या उथळ पाण्यात सोडून वाळूच्या पोत्यांनी ठरलेला भार द्यावा आणि त्यातील दोन माणसांइतका भार एका कडेला सरकवून कडा किती उरते ते मोजावे. शेवटी पोती काढून होडी पाण्याने भरावी. ती तरंगत राहिली पाहिजे. या परीक्षांचा निकाल पंचनाम्याप्रमाणे लिहून त्यावर कारागीर, संस्था व अधिकारी यांच्या सह्या घ्याव्यात.

जपणूक

नाशिक हा द्राक्षांचा जिल्हा. येथे बोर्डो मिश्रण घरोघरी माहीत आहे. त्यातील मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार आणि चुना हे दोन्ही ॲल्युमिनियमचे शत्रू आहेत. फवारणीची पिंपे या होडीतून नेऊ नयेत. तांब्या-पितळेचे खिळे किंवा तांबेयुक्त रंग वापरू नये. बोल्ट गंजरोधक पोलादाचे असावेत व त्याखाली रबराची चकती घालावी. होडी दगडावर ओढू नये, उचलून न्यावी. आणि होडी कितीही चांगली असली तरी प्रत्येक माणसामागे एक जीवरक्षक जाकीट हवेच.

शिक्षकांना या कामी मोठा वाटा उचलता येईल. तरंगणाऱ्या वस्तूचा नियम शालेय पुस्तकात असतोच; पत्र्याची एक पेटी आणि काही वजने घेऊन तो गावच्या तळ्यावर शिकवला, तर मासेमारांची मुले घरी जाऊन होडीचा भार स्वतः मोजतील. ग्रामपंचायतीने आपल्या जलाशयाचा विस्तार, वाऱ्याची दिशा आणि उन्हाळ्यातील काठाची स्थिती एका कागदावर नोंदवून संस्थेस द्यावी. अधिकाऱ्यांनी तो कागद मागणीपत्रास जोडावा. एवढे झाले तर होडी कागदोपत्री मंजूर होण्याबरोबरच पुढील अनेक पावसाळे प्रत्यक्ष पाण्यावर राहील.