मुलाखत : याचना नव्हे, संवाद



धार आणि देवास ही माळव्यातील पवार घराण्याची संस्थाने. देवासात तर एकाच नगरात थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन गाद्या नांदत होत्या. संस्थानी काळात नोकरी पुष्कळदा राजकृपेवर अवलंबून असे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांचे उदाहरण बोलके आहे. १९१२-१३ च्या भारतभेटीत थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव यांच्याशी त्यांचा परिचय झाला आणि १९२१ मध्ये ते महाराजांचे खाजगी चिटणीस झाले. बागा, मोटारी, अतिथिगृह व वीजगृह यांची देखरेख त्यांच्याकडे आली. या कामांचे शिक्षण मात्र त्यांना नव्हते. स्नेह हीच त्यांची पात्रता ठरली.

१९४८ मध्ये ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. पुढे १९५० मध्ये संविधानाच्या १६ व्या अनुच्छेदाने शासकीय नोकरीतील समान संधी हा नागरिकाचा हक्क ठरविला. तथापि अनेक उमेदवारांच्या मनात दरबारातील अर्जदार अद्याप वास करतो. निवड मंडळापुढे बसताच उमेदवार ओशाळतो, समोरच्यास रुचेल तेच बोलतो, ठाऊक नसलेल्या गोष्टीचेही उत्तर रचतो. येथेच त्याचे नुकसान होते. मंडळ कृपा करावयास नव्हे, तर कामास योग्य व्यक्ती शोधावयास बसलेले असते.

म्हणून उमेदवाराने प्रथम त्या पदाची कर्तव्ये नीट समजून घ्यावीत. आपण प्रत्यक्ष केलेले एखादे काम, त्यातील अडचण व तीवर शोधलेला उपाय थोडक्यात सांगता यावा. आपल्या जिल्ह्याचीही माहिती असावी. देवासच्या उमेदवारास बँक नोट प्रेसविषयी, धारच्या उमेदवारास मांडू, बाघची कापडछपाई किंवा पीथमपूरचे कारखाने यांविषयी प्रश्न येणे स्वाभाविक आहे. उत्तर येत नसल्यास “हे मला ठाऊक नाही” असे शांतपणे सांगावे. त्यात कमीपणा नाही. उलट, कामावरही हा मनुष्य खरे तेच सांगेल, असा विश्वास त्यातून निर्माण होतो.

मुलाखतीचे महत्त्वही प्रमाणात ओळखावे. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत अंतिम २०२५ गुणांपैकी मुलाखतीचे गुण २७५ आहेत. केंद्र शासनाने तर १ जानेवारी २०१६ पासून कनिष्ठ पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. निवड न झाल्यास त्या पदापुरता तो निर्णय असतो. माणसाच्या योग्यतेचा तो अखेरचा निवाडा नव्हे. हे ध्यानी ठेवणारा उमेदवार ताठ मानेने, तरीही नम्रपणे, मंडळापुढे बसू शकतो.