शुक्रवारची उपासना
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला आहे ‘परदेशातील अनुभव’. सॉफ्टवेअरच्या नोकरीबद्दल खरं तर सांगण्यासारखं फार नाही. स्क्रीन वारंगा फाट्यावर असो की दुबईत, सारखीच दिसते. पण सकाळपासून चहाच्या टेबलावर चौघींनी मला एकच प्रश्न विचारला. तू ख्रिश्चन, एकटी पोरगी, आणि मुसलमानांच्या देशात गेलीस, भीती नाही वाटली का? मग त्यावरच बोलते.

मी 2005 साली दुबईला गेले तेव्हा पंचवीस वर्षांची होते. लग्न झालेलं नव्हतं. त्याआधीचं माझं आयुष्य तुम्हाला ठाऊकच आहे. आई सरकारी दवाखान्यात सिस्टर, म्हणून आम्ही इथे आलो. आपण दहावी झालो तेव्हा हिंगोली जिल्हासुद्धा नव्हता. तो 1 मे 1999 ला झाला, आपल्या कागदांवर अजून परभणीच आहे. गावात ख्रिस्ती घर एकच, आमचं. चर्चला जायचं म्हणजे रविवारी एसटीने नांदेड. नाताळला आई करंज्या, शंकरपाळे करायची आणि तुम्ही सगळे फराळाला यायचात. मोहरमचे डोले निघाले की आपण सगळेच बघायला पळायचो. त्यामुळे आपल्यापेक्षा वेगळ्या धर्माच्या माणसांत राहायचं कसं, हे मला दुबईत जाऊन शिकायचं नव्हतं. तो अभ्यास इथेच झाला होता.

भाषेचंही तसंच. आपण निजामाच्या मुलखातली माणसं. इथला भाजीवाला, पंक्चरवाला दखनी बोलतो आणि आपणही त्याच्याशी तशीच बोलतो. पुण्याच्या सहकाऱ्यांना दुबईतल्या टॅक्सीवाल्या पठाणाचं बोलणं कळायला महिना लागला, मला पहिल्या दिवशी कळलं. अरबी मला येत नव्हती, पण खुर्ची, कुलूप, साबण, वजन, हिशेब, वकील हे शब्द मूळचे अरबीच, आपल्याकडे येऊन मराठी झालेले. हॉटेलात बिलाला ‘हिसाब’ म्हणतात हे ऐकून मला हसूच आलं होतं. आणि शुक्रवारच्या सुट्टीचं म्हणाल, तर निजामाच्या राज्यात आठवड्याची सुट्टी शुक्रवारचीच असायची, असं माझी आजी सांगायची.

अडचण आली ती वेगळीच. व्हिसाच्या अर्जात धर्माचा रकाना असतो. मी ख्रिश्चन लिहिलं. ऑफिसातल्या माणसाने माझं नाव पाहिलं, टिकली पाहिली आणि विचारलं, केरळ? नाही. गोवा? नाही. मग धर्म कधी बदलला? अरबांनी हा प्रश्न मला कधीच विचारला नाही, विचारला तो आपल्याच भारतीयांनी. महाराष्ट्रात मराठी बोलणारे, पिढ्यान् पिढ्यांचे ख्रिस्ती आहेत, रेव्हरंड टिळक आणि पंडिता रमाबाई आमच्यातल्याच, हे मी तिथे किती वेळा सांगितलं असेल त्याची मोजदाद नाही.

पहिल्या शुक्रवारी ऊद मेथाला गेले. तिथे सेंट मेरी हे कॅथलिकांचं मोठं चर्च आहे, त्याला जमीन शेख राशिद यांनी दिलेली. जवळच होली ट्रिनिटी, तिथे प्रॉटेस्टंटांच्या अनेक मंडळ्या वेळा वाटून घेऊन उपासना करतात. एका हॉलमधून मल्याळम ऐकू येतं, दुसऱ्यातून तमिळ, तिसऱ्यातून फिलिपिनो. आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. आयुष्यात इतके ख्रिस्ती मी एका ठिकाणी पाहिले नव्हते. गंमत बघा, वर्गात, कॉलेजात, होस्टेलवर मी कायम एकटीच, आणि हजारोंतली एक व्हायला मला इस्लामी देशात जावं लागलं.

त्या गर्दीत मराठी मात्र नव्हती. इंग्रजी उपासना मला परीक्षेसारखी वाटायची. शेवटी मी उर्दू मंडळीत बसायला लागले, कारण ते शब्द कानाला ओळखीचे होते. ती मंडळी पाकिस्तानातल्या ख्रिस्ती लोकांची. हिंगोलीची मुलगी, अरबांच्या देशात, पाकिस्तान्यांबरोबर, उर्दूत प्रार्थना करते हे मी आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, जेवण नीट करतेस ना?

तिथे लाहोरच्या एक नर्स होत्या. मी त्यांना बाजी म्हणायचे. त्यांचं माहेर यूहानाबाद, लाहोरमधली ख्रिस्ती लोकांची मोठी वस्ती. 15 मार्च 2015 ला, रविवारी, तिथल्या दोन चर्चवर उपासना चालू असताना आत्मघातकी हल्ले झाले. दुबईत तो कामाचा दिवस. बाजी ड्युटीवर होत्या आणि घरचा फोन लागत नव्हता. संध्याकाळी लागला. घरातले सगळे वाचले होते, शेजारचे नव्हते. पुढच्या शुक्रवारी त्या नेहमीच्या जागेवर येऊन बसल्या. उपासनेनंतर मला म्हणाल्या, ‘‘तुझ्या गावात आपली घरं किती?’’ मी म्हटलं, एक. ‘‘आणि दाराला रात्री कुलूप?’’ मी म्हटलं, उन्हाळ्यात आम्ही अंगणातच झोपायचो. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

म्हणून मुसलमान देश असं कुणी म्हणालं की मी विचारते, कुठला? बाजींचा देशही मुसलमान आणि जिथे त्या निर्धास्त झोपत होत्या तोही मुसलमानच. बाजी स्वतःच्या देशात नागरिक होत्या आणि घाबरून होत्या. दुबईत पाहुण्या होत्या आणि सुरक्षित होत्या.

पण पाहुणेपणाचा हिशोबही सांगायला हवा, नाहीतर तिथून आलेली माणसं नुसतं कौतुक करतात. तिथे उपासना करायची ती ठरलेल्या आवारात. रस्त्यावरून दिसेल असा क्रूस मी जात होते त्या आवारावर नव्हता, घंटाही नव्हती. मुसलमानाला आपल्या धर्माचं सांगून वळवायचा प्रयत्न हा गुन्हा. रमजानमध्ये तेव्हा दिवसा चारचौघांत पाणीसुद्धा प्यायचं नसे, पण कामाचे दोन तास सगळ्यांचेच कमी, आमचेही. आणि राहणं नोकरीवर टांगलेलं. नोकरी सुटली की तेव्हा तीस दिवसांत देश सोडायचा. 2009 च्या मंदीत उर्दू मंडळीचे बाक दर शुक्रवारी रिकामे होत गेले. निरोप घ्यायलाही कुणाला वेळ नव्हता. त्या देशाने मला माझा देव ठेवू दिला. घर मात्र तो देणार नव्हता, तसं त्याने कधी कबूलही केलं नव्हतं.

मराठीची सोय आम्हीच केली. नगर, सोलापूर, जालन्याकडची चार घरं हळूहळू ओळखीची झाली. कुणाकडे तरी जेवायला जमायचं, आणि जेवणाआधी ‘उपासना संगीत’ उघडायचं. पेटी नव्हती, मोबाईलवर सूर धरायचो. आवाज बेताचा. माझं लग्न त्यातल्याच एका घरात जमलं, हे आता सगळ्यांना माहीत आहे.

1 जानेवारी 2022 पासून तिथे सरकारी सुट्टी शनिवार-रविवार झाली. रविवारी चर्चला जाता येऊ लागलं, तर माझ्या मुलीला ते चुकीचं वाटायचं. तिच्या लेखी देवाचा वार शुक्रवारच. पुढच्याच वर्षी आम्ही परत आलो.

या वर्गातल्या तिघांची मुलं सध्या आखातात जायच्या तयारीत आहेत असं कळलं. त्यांना दोन गोष्टी सांगा. पासपोर्ट कंपनीच्या ताब्यात द्यायचा नाही. कंपनीने तो ठेवून घेणं तिथल्या कायद्यालाही मान्य नाही. आणि धर्माच्या रकान्यात जे आहे ते लिहायचं, त्याने काही अडत नाही. पगाराचं, एजंटचं काय ते जेवताना विचारा, मी संध्याकाळच्या गाडीपर्यंत इथेच आहे.