उन्हाचे पीक आणि परस्परांचा जामीन

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून विजेचा आणि कर्जाचा विषय निघावा, हे कदाचित काहींना विसंगत वाटेल. कथा, कविता, फार तर इतिहास, ही या सभागृहाची सवय. परंतु बडोद्याच्या मराठी माणसाला तरी हा विषय परका वाटू नये. १८८९ साली याच शहरात विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या पुढाकाराने काही मध्यमवर्गीय मराठी गृहस्थांनी 'अन्योन्य सहायकारी मंडळी' स्थापन केली. हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा आला १९०४ साली. म्हणजे कायद्याच्या पंधरा वर्षे आधी. 'अन्योन्य' हा शब्दच मोठा मार्मिक आहे. एकाने दुसऱ्याचा जामीन व्हावे, दुसऱ्याने पहिल्याचा. गहाण टाकायला दागिना नसेल, शेत नसेल, तर शेजाऱ्याचा शब्द तरी असावा, हा त्यामागचा विचार. मराठीत 'पत' या एकाच शब्दाने कर्ज मिळण्याची योग्यताही सांगितली जाते आणि अब्रूही, ते उगाच नव्हे.

दुसरे उदाहरण ग्रंथालयांचेच. महाराजा सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन यांना बोलावून राज्यभर वाचनालयांचे जाळे विणले. त्यातील पैशाची व्यवस्था मात्र आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही. गावकऱ्यांनी आपली वर्गणी जमवावी, तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने घालावी आणि तेवढीच सरकारने. तिसरा हिस्सा लोकांचा, आणि तो पहिला. लोकांचा पैसा जमल्याशिवाय सरकारचा हलत नसे. अनुदानाची ही शिस्त शंभर वर्षांपूर्वीची आहे.

हे दोन धागे हाती धरून आता बडोद्याहून फार दूर नसलेल्या एका गावाकडे वळावयाचे आहे. डाकोरला रणछोडरायाच्या दर्शनाला आपल्यापैकी अनेकजण जाऊन आले असतील. त्याच ठासरा तालुक्यात, खेडा जिल्ह्यात, ढुंडी नावाचे गाव आहे. २०१६ साली तेथील सहा शेतकऱ्यांनी 'ढुंडी सौर ऊर्जा उत्पादक सहकारी मंडळी' काढली. पुढे आणखी तीन आले, सभासद नऊ झाले, आणि त्यांच्या शेतांवरील सौर तावदानांची एकूण शक्ती ७१.४ किलोवॉटवर गेली. शहरातल्या एखाद्या बऱ्यापैकी इमारतीच्या गच्चीवर मावेल एवढाच हा पसारा. तरीही जगातील पहिली सौर सिंचन सहकारी संस्था म्हणून तिचे नाव देशोदेशी गेले, आणि ते योग्यच झाले.

हे शेतकरी पूर्वी डिझेलच्या इंजिनावर पाणी उपसत. आणंद येथील आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्था व टाटा यांच्या संयुक्त कार्यक्रमातून, तुषार शाह यांच्यासारख्या अभ्यासकांच्या प्रेरणेने, त्यांना सौर पंप मिळाले. सौर पंप काही नवलाचा नव्हता. सरकारी योजनांतून तो देशभर वाटला जात होता. पण अभ्यासकांना त्यातच भय दिसत होते. डिझेलला पैसे पडतात म्हणून शेतकरी हात राखून पाणी काढतो. ऊन फुकट आहे. एकदा पंप बसला की दिवसभर चालू ठेवायला खर्च कसला? मग भूगर्भातले पाणी किती दिवस पुरणार? उत्तर गुजरातेतील खोल गेलेल्या कूपनलिकांनी हा धडा आधीच, स्वस्त विजेच्या निमित्ताने, शिकवलेला होता.

यावरचा तोडगा साधा होता. पंपाला लागेल तेवढी वीज वापरा, उरलेली विका. वीज विकून चार पैसे मिळत असतील, तर गरज नसताना चालवलेला पंप म्हणजे खिशातले पैसे विहिरीत टाकणे. ऊन हे एक पीक झाले. त्याला नांगरट नाही, बी नाही, अवकाळीची मोठी धास्ती नाही, आणि बाजारभाव मात्र ठरलेला. हा ठरलेला बाजारभाव हाच सगळ्या प्रयोगाचा कणा आहे, आणि पैशाची चर्चा येथूनच सुरू होते.

वीज खरेदी करणारी मध्य गुजरात वीज कंपनी. तिची मुख्य कचेरी याच आपल्या शहरात आहे. तिने मंडळीशी पंचवीस वर्षांचा करार केला, दर युनिटला ४ रुपये ६३ पैसे. प्रत्येक शेतकऱ्याशी निराळा करार नाही. शेतावरच्या मीटरांचा हिशेब मंडळीने ठेवावा, सर्वांची उरलेली वीज एका ठिकाणी गोळा करावी आणि कंपनीने तेथील एकच मीटर वाचावा. नऊ जणांच्या दारी नऊ वेळा माणूस पाठवण्याचा कंपनीचा खर्च आणि कटकट दोन्ही वाचले. त्या बदल्यात सभासदांनी सवलतीच्या दराच्या शेती वीजजोडणीचा आपला हक्क पंचवीस वर्षे सोडून दिला. हा त्याग लहान नव्हे. शेतीची जोडणी म्हणजे खेड्यात जवळजवळ वडिलोपार्जित मालमत्ता. पण त्यामुळे सरकारचे त्या शेतकऱ्यांवरचे भावी अनुदान वाचले, आणि म्हणूनच त्यांना थोडे अधिक देण्यात अन्याय नाही, असा युक्तिवाद करता आला. प्रयोगकर्त्या संस्थेने स्वच्छ विजेसाठी युनिटमागे सव्वा रुपया आणि पाणी वाचवल्याबद्दल आणखी सव्वा रुपया घातला. शेतकऱ्याच्या हाती ७ रुपये १३ पैसे पडू लागले.

आता या आकड्यांचे काय होते ते पाहू. श्रोत्यांनी कंटाळू नये. बेरीज-गुणाकाराच्या पलीकडे यात काही नाही. एका सभासदाकडे आठ किलोवॉटची तावदाने आहेत असे धरू. या भागात एका किलोवॉटमागे वर्षाला साधारण चौदा-पंधराशे युनिटे पडतात. म्हणजे वर्षाची साडेअकरा-बारा हजार. निम्मी पंपाला गेली तर सहा हजार विकता आली. कंपनीच्या दराने त्याचे सुमारे २७,८०० रुपये होतात, जोडरकमेसह ४२,८०० च्या आसपास. शिवाय डिझेल वाचले ते वेगळे.

उत्पन्न बरे आहे. पण यंत्र कोणाच्या पैशाने आले? पहिल्या सहा जणांनी दर किलोवॉटला ५,००० रुपये घातले, तेही बऱ्याच मनधरणीनंतर. म्हणजे आपल्या हिशेबातल्या सभासदाचे ४०,०००. बाकीचे सारे प्रयोगनिधीतून. नंतर आलेल्या तिघांनी मात्र किलोवॉटला २५,००० रुपये भरले. तीच जमीन, तेच ऊन, तेच यंत्र. मधल्या काळात बदलले ते एवढेच की, शेजाऱ्याला वीजकंपनीकडून खरोखर पैसे मिळतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पाचपट भांडवल उभे राहिले ते व्याख्यानांनी नव्हे, पत्रकांनी तर नव्हेच. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला जे काही म्हणत असतील ते असो, आपल्या मराठीत याला पत बसणे म्हणतात.

परंतु उत्साहाच्या भरात एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. दोन लाख रुपये घातलेल्या त्या नव्या सभासदाचे पैसे, कंपनीच्या नुसत्या दराने, व्याज न धरता, सुमारे सात वर्षांत सुटतात. जोडरक्कम धरली तर पाच वर्षांच्या आत. हे ठीक झाले. पण यंत्राची पूर्ण किंमत, समजा किलोवॉटला सत्तर हजार, त्यानेच सोसली असती तर? साडेपाच लाखांहून अधिक रक्कम फिटायला वीस वर्षे, आणि तीही बिनव्याजी. असे कर्ज कोणती बँक देईल, आणि कोणता शहाणा शेतकरी घेईल? ढुंडी आपल्या पायावर उभी राहिली असे जे म्हटले जाते, त्यात अर्धेच सत्य आहे. तिचे पाय दुसऱ्याने दिले. चालली मात्र ती स्वतः.

डेन्मार्कमध्ये हे पायदेखील लोकांनीच कसे बनवले, ते पाहण्यासारखे आहे; कारण तेथेही गोष्ट दुधापासूनच सुरू होते. १८८२ साली जटलंडमधील ह्येडिंग गावी शेतकऱ्यांनी पहिली सहकारी दुग्धशाळा काढली. अशा दुग्धशाळांसाठी शेतकरी कर्ज काढीत ते एकत्र जबाबदारीवर. एकाने बुडवले तर इतरांनी भरावयाचे. म्हणजे आपले 'अन्योन्य'च. ही सवय अंगी मुरलेल्या देशात शंभरेक वर्षांनी पवनचक्क्यांच्या सहकारी संस्था निघाल्या. कोपनहेगनच्या किनाऱ्याजवळ समुद्रात मिडलग्रुंडेनच्या वीस पवनचक्क्या २००१ साली पूर्णपणे कामास लागल्या, एकूण ४० मेगावॉट. त्यांतील निम्मी मालकी सहकारी संस्थेची: ४०,५०० भाग, साडेआठ हजारांहून अधिक भागधारक, भागाची किंमत ४,२५० क्रोनर, आणि एक भाग म्हणजे वर्षाला हजार युनिटे वीज. भागाचे मोल पैशात न सांगता विजेत सांगितले, ही कल्पना फार सुंदर आहे. शिक्षक, नर्स, निवृत्त माणूस, प्रत्येकाला आपण काय विकत घेतो ते कळत होते.

खेडा जिल्ह्यातही दुधाचा पाया होता. १९४६ साली त्रिभुवनदास पटेलांच्या नेतृत्वाखाली जिल्हा दूध उत्पादक संघ नोंदला गेला, त्याचेच पुढे 'अमूल' झाले. लिटर-दोन लिटर दूध घेऊन येणाऱ्या बाईचे दूध मोजावे, स्निग्धांश पाहावा, पैसे द्यावेत आणि बाजाराशी एकाच तोंडाने बोलावे. ढुंडीत दुधाच्या जागी युनिट आले, एवढाच फरक. २०१८ च्या सप्टेंबरात राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या साह्याने आणंद जिल्ह्यातील मुजकुवा येथे दुसरी सौर मंडळी उभी राहिली, ती याच वळणावर.

सहकाराचे गोडवे गाताना त्याच्या पडझडीकडे पाठ फिरवणे बडोद्यात तरी शोभणार नाही. एक शतकाहून अधिक काळ टिकलेल्या 'अन्योन्य'चे व्यवहार, ती बँक झाल्यानंतर, या शतकाच्या पहिल्या दशकात थांबले. तिची झळ सोसलेली घरे या सभागृहापासून दूर नाहीत. महाराष्ट्रात श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था १९६९ साली निघाली, १८३ गावांना वीज पुरवू लागली, आणि घाऊक विजेची थकबाकी व तिच्यावरचे वाद वाढत जाऊन २०११ साली तिचे काम महावितरणकडे गेले. मुळा-प्रवरा वीज विकत घेऊन विकत होती. खरेदीचा दर एकाच्या हाती, विक्रीची वसुली दुसऱ्याच्या. ढुंडीची मंडळी वीज पिकवते आणि तिला एकच, ठरलेला गिऱ्हाईक आहे. म्हणून तिचा धोका निराळा आहे, पण तो नाही असे नव्हे. गिऱ्हाईकाने बिल थकवले तर नऊ सभासदांची संस्था किती महिने तग धरील?

सरकारने या प्रयोगापासून काय उचलले, हेही पाहिले पाहिजे. २०१८ साली गुजरातने 'सूर्यशक्ती किसान योजना' आणली. शेतकऱ्याचे ५ टक्के, अनुदान ६० टक्के, कर्ज ३५ टक्के. पहिली सात वर्षे युनिटला ७ रुपये, पुढील अठरा वर्षे साडेतीन. २०१९ साली केंद्राची 'कुसुम' योजना आली; तिच्या एका भागात केंद्र ३०, राज्य ३० आणि शेतकरी ४० टक्के, पैकी बराचसा बँकेकडून. सयाजीरावांच्या तीन हिश्शांची येथे आठवण होते. मात्र एक मोठा फरक आहे. ग्रंथालयांच्या योजनेत तिसरा हिस्सा गावाचा होता. येथे तो एकेकट्या शेतकऱ्याचा आहे. अनुदान आले, दर आला, कर्ज आले. मंडळी मात्र मागे राहिली. सभासद गोळा करणे, मीटरांची वही ठेवणे, भांडणे मिटवणे, वर्षाची सभा भरवणे, या कामाला पगार कोणी द्यावयाचा, हे अंदाजपत्रकात सहसा आढळत नाही. आणि ढुंडीत सर्वाधिक श्रम नेमके त्यालाच पडले होते.

महाराष्ट्राने दुसरा मार्ग धरला. २०१७ साली सुरू झालेल्या आणि २०२३ साली नव्या रूपात आलेल्या सौर कृषी वाहिनी योजनेत प्रकल्प कंपनी उभारते आणि जमीन भाड्याने घेते. नव्या योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळते, ही रात्री बिबट्याच्या आणि सापाच्या भीतीने पाणी देणाऱ्याला लहान गोष्ट नाही. भांडवलही झपाट्याने येते, कारण कंपनीकडे तारण आहे. पण गाव येथे भाडेकरूचा घरमालक होतो, कारखान्याचा मालक होत नाही. वेग हवा की मालकी, हा प्रश्न सोपा आहे असे म्हणणारा माणूस एक तर वीजकंपनीत असावा किंवा त्याने कधी रात्री पाणी दिलेले नसावे.

सहकारी संस्थांना दार अगदीच बंद होते असे नाही. 'कुसुम'च्या एका भागात अर्धा ते दोन मेगावॉटचे प्रकल्प सहकारी संस्था आणि पंचायतींनाही उभारता येण्याची तरतूद होती. पण एका मेगावॉटला साधारण चार कोटी लागतात असे धरले आणि बँकेने तीस टक्के स्वनिधी मागितला, तर एक कोटी वीस लाख हवेत. नऊ शेतकऱ्यांना हे झेपणारे नाही. तीनशे सभासदांचे प्रत्येकी चाळीस हजार केले तर झेपते. प्रश्न एवढाच की, त्या तीनशेंत शहरातल्या पेन्शनराला भाग घेता यावा का, मिडलग्रुंडेनच्या भागधारकांसारखा? सहकारी कायद्यातली कार्यक्षेत्राची मर्यादा, ठेव बुडण्याची ताजी आठवण आणि गावाला परक्याच्या मताची वाटणारी भीती, ही तिन्ही त्याच्या आड येतात. त्यांतील शेवटची सर्वांत खरी आहे. भाग कितीही असोत, मत एकच, हा सहकाराचा जुना नियम तिच्यावर उपाय म्हणून पुरेल की नाही, हे कोणी करून पाहिल्याशिवाय ठरणार नाही.

ढुंडीचा करार पंचवीस वर्षांचा, म्हणजे २०४१ च्या सुमारास पुरा होईल. तावदाने तोवर टिकतील. विजेचे रूपांतर करणारे इन्व्हर्टर मात्र दहा-पंधरा वर्षांत बदलावे लागतात, आणि त्या वेळी प्रयोगनिधी दारात उभा नसणार. एकाहत्तर किलोवॉटवर वर्षाला लाखभर युनिटे निघतात. युनिटमागे चार आणे बाजूला काढले, तर वर्षाचे पंचवीस हजार, दहा वर्षांचे व्याज सोडून अडीच लाख. असा ठराव वार्षिक सभेत मांडावा लागतो, त्याला अनुमोदन मिळवावे लागते, आणि मग दर महिन्याला प्रत्येकाच्या रकमेतून ते चार आणे कापावे लागतात.